रामटेके सर आणि डावा काठ

रामटेके सरांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस सज्जन. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि तरीही त्यांच्याशी काम पडल्यावर ज्यानं कपाळाला हात लावला नाही, असा एक प्राध्यापक मला आमच्या दोन जिल्ह्यांत दाखवा. माझं तर त्यांच्यापायी अख्खं वर्ष गेलं. ते वर्ष नेमकं कुणाच्या माथी मारायचं, हे मात्र आताशा मला तितक्या ठासून सांगता येत नाही.

वैनतीर विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाचे ते अधिकारी. विभाग म्हणजे परीक्षा भवनाच्या मागची एक लांबोडकी खोली, दोन टेबलं, एक संगणक आणि दार उघडलं की पुस्तकं अंगावर ढकलणारं एक कपाट. पण या खोलीतून जी पुस्तकं निघत ती दुसरीकडे कुठे निघालीच नसती. झाडीतल्या धानशेतीच्या शब्दांचं पुस्तक, गोंडी गाण्यांचं, रानभाज्यांचं, नदीकाठच्या देवांचं. पुण्याच्या प्रकाशकानं त्यांना चिमट्यानंसुद्धा उचललं नसतं. इकडे मात्र ती तहसील कचेरीत दिसायची, ग्रामसभेच्या कपाटात दिसायची, एकदा तर एका वकिलाच्या बगलेत दिसली होती. "विद्यापीठानं छापलं हाये" म्हटलं की आमच्याकडे भांडण अर्ध्यावर थांबतं.

सर बुटके, सावळे, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्या कधीही दुमडलेल्या नाहीत. उन्हाळ्यात मानेवर ओला दुपट्टा. शर्टाच्या दुसऱ्या गुंडीला दोऱ्यानं बांधलेली लाल पेन्सिल. बांधलेली का, तर लोक सहीला मागतात आणि खिशात घालून जातात म्हणून. संगणकाच्या पडद्यावर ते एक ओळ वाचायचे नाहीत. प्रत्येक प्रूफ कागदावर पाहिजे, एका बाजूनं छापलेलं, आणि ओळींत बोटभर जागा सोडून. लेखकाला ते कधी 'चूक' म्हणाले नाहीत. पेन्सिल टेकवायची आणि हळूच म्हणायचं, "इथी थोडं थांबा लागते." ते 'थोडं' कधी आठ दिवसांचं असे, कधी आठ महिन्यांचं. मराठी विभागाचे एक प्राध्यापक त्या खोलीला 'थांबा' म्हणत. विनंती थांबा नव्हे, सक्तीचा.

तरुणपणी चार हिवाळे ते वडश्याच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. झाडीपट्टीच्या नाटकाला प्रॉम्प्टर नसेल तर नट उघडे पडतात. आज हे गाव, उद्या ते गाव, पाठ करायला वेळ कुणाला? पडद्याआड बसून, आवाजात कसलाही रंग न भरता, एकेक वाक्य स्वच्छ पुढं सरकवायचं, हे त्या कामाचं कसब. रडण्याचं वाक्यही प्रॉम्प्टर बाजारहाटाच्या यादीसारखंच वाचतो. रडायचं काम नटाचं. सरांचा वाचण्याचा आवाज तिथलाच. आणि हा आवाज त्यांनी पुढे भलत्याच कामाला लावला.

त्यांचा नियम असा होता की पुस्तक ज्या गावाबद्दल, ज्या लोकांबद्दल, त्यांच्यात बसून ते सगळं वाचून दाखवायचं. मगच छापायला द्यायचं. हा नियम विद्यापीठाच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हता. त्यासाठी प्रवासभत्ता नव्हता. सर आपल्या मोपेडला प्रुफांची पिशवी अडकवून निघायचे, समाजमंदिराच्या ओट्यावर बसायचे आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायचे. लोक ऐकता ऐकता बिड्या पेटवत, बाया तांदूळ निवडत. मध्येच कोणीतरी म्हणे, "ओ भाऊ, असं नाई ते." लगेच लाल पेन्सिल.

एका कुलगुरूंच्या भाषणांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हाही यांनी नियम सोडला नाही. भाषणं कुणाबद्दल आहेत, तर 'तळागाळातील घटकांबद्दल'. मग सरांनी दुपारच्या सुट्टीत पहारेकरी, माळी आणि झाडणाऱ्या बायांना एकत्र बसवलं आणि त्या कोऱ्या आवाजात तीस पानं वाचली. शेवटी माळ्यानं विचारलं, "हे कोनाबद्दल हाये जी?" सरांनी प्रुफाच्या समासात तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला आणि प्रूफ कुलगुरूंकडे पाठवून दिलं. पुस्तक काही निघालं नाही. ही गोष्ट सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. आपली पाळी आली की हसू कसं मावळतं, ते मला नंतर कळलं.

गोंडी गाण्यांच्या पुस्तकात तर त्यांनी एक पान कोरं छापलं होतं. वाचनाच्या वेळी गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या की हे गाणं माणूस गेल्यावरचं आहे, ते असं कागदावर घरोघर जाऊ नये. सरांनी गाणं काढलं, पण पान काढलं नाही. खाली बारीक अक्षरांत एकच ओळ : 'येथील गाणे गावाच्या सांगण्यावरून दिलेले नाही.' लोक छपाईत बिघाड झाला म्हणून प्रती परत आणायचे. सर त्यांना ती ओळ दाखवायचे आणि पुस्तक पुन्हा हातात द्यायचे.

आता माझं सांगते. मी एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझा प्रबंध सावली तालुक्याच्या पट्ट्यातल्या जुन्या तलावांवर होता. उन्हाळ्यात तलाव आटत जातो, तेव्हा एका खोलगट जागी शेवटपर्यंत पाणी राहतं. मोठे मासे तिथे तग धरतात आणि पुढच्या साली तलाव त्यांच्याच पिल्लांनी भरतो. ढीवर लोक, म्हणजे इथले मासेमार, त्या जागी जाळं टाकत नाहीत. कितीही ओढगस्त असो, नाही टाकत. अकरा गावांच्या अकरा तलावांतल्या अशा जागा मी विचारून विचारून नकाशावर घेतल्या. चौथं प्रकरण त्याचंच. त्यातून एक निष्कर्षही निघाला होता : पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून पाण्याकडे तोंड केलं, की ही जागा अकराच्या अकरा तलावांत डाव्या काठाला येते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी या निष्कर्षाची खास तारीफ केली होती. मी त्यावर एक आकृतीही काढली होती, बाण वगैरे दाखवून.

प्रबंधाचं पुस्तक विद्यापीठाकडून निघालं की बढतीच्या मुलाखतीत त्याला वजन येतं. मुलाखत चार महिन्यांवर होती. हस्तलिखित देऊन मी निर्धास्त होते. पंधरा दिवसांनी सरांनी बोलावलं. पेन्सिल माझ्या आकृतीवर टेकलेली.

"मॅडम, इथी थोडं थांबा लागते."

"का? काय झालं?"

"अकराही गावात डाव्याच हाताले कसं काय जी? तलाव काय एकाच मिस्त्रीनं बांधले?"

मी त्यांना जमिनीचा उतार, गाळ, वाऱ्याची दिशा, असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "उन्हाळ्यात गेल्या होत्या तुमी पाहाले?"

नव्हते गेले. मी मूळची अमरावतीची. इथला मे महिना मला सोसत नाही. तलाव भरलेले असताना, थंडीत मी हिंडले आणि लोकांनी बोट दाखवलं तिथे खूण केली. हे मी सरांना सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "माहिती प्रत्यक्ष मुलाखतीतून घेतलेली आहे." ते म्हणाले, "मंग तर बरंच झालं. त्यायलेच वाचून दाखवू."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आम्ही पहिल्या गावी गेलो. मासेमारी सोसायटीच्या ओट्यावर पंचवीस-तीस माणसं जमली. डोमाजी म्हणून सत्तरीचे एक ढीवर होते, सोसायटीचे जुने अध्यक्ष. माझ्या प्रबंधात आभार मानलेत त्यांचे. सर वाचू लागले. पहिली तीन प्रकरणं उत्तम गेली. माशांची नावं आली की लोक माना डोलावायचे, कुणी एखादं नाव वाढवायचं. मला बरं वाटायला लागलं होतं. चौथं सुरू झालं आणि बायांनी तोंडाला पदर लावले. सर वाचतच होते. 'डाव्या काठाला', 'पुन्हा डाव्या काठाला', 'येथेही डाव्या काठाला'. प्रॉम्प्टरचा तो आवाज. माझ्या प्रबंधात हे शब्द किती वेळा आलेत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. सहाव्या तलावापाशी हसू फुटलं ते आवरेना.

डोमाजींनी सगळ्यांना दटावलं आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, राग मानू नका. ते आमी खोटं सांगतलं तुमाले."

"खोटं?"

"तुमी सरकारी जीपीत आल्या होत्या न जी. आमाले वाटलं तलावाच्या ठेकेदाराची मानसं हायेत. त्यायले जागा सापडली का झालं, एका उन्हाळ्यात माय अन् पिल्लं सारंच घेऊन जाते. मंग पुढच्या गावाले निरोप धाडला, बाई येऊन राह्यली, डावा हात दाखवा म्हून. त्यायनं पुढं धाडला."

जीप माझ्या मामेभावानं मिळवून दिली होती. चार वर्षांचं संशोधन, आणि ते गेलं एका निरोपानं! खरं सांगायचं तर डोमाजींचा मला तितका राग आला नाही. राग आला तो शेजारी शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसलेल्या माणसाचा.

"मंग खरी जागा कोनती, डोमाजी?" सरांनी विचारलं.

डोमाजींनी सांगितली. सरांना म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे. आणि लगेच पुढे म्हणाले, "पन ते छापू नका. जे खोटं हाये, तेच राहू द्या. चांगलं हाये ते. ठेकेदार वाचन अन् डाव्या काठाले जाळं टाकत बसन."

पुन्हा हशा झाला. या वेळी मलाही हसू आलं, कारण माझं काम झालं होतं. गावच म्हणतं आहे की आहे तसं छापा! नियमही पाळला गेला, पुस्तकही वेळेवर निघणार. मी सरांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

येताना रस्त्यात एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. मी म्हटलं, "आता तर अडचण नाही ना?"

"मले तर आताच आली," ते म्हणाले. "खरं छापावं तं गाव मरते. खोटं छापावं तं मी कायले बसलो हावो इथी?"

"पण गावाचीच इच्छा आहे, सर."

"गाव ठेकेदारापुरतं पाहून राह्यलं. पुस्तक काय एकटा ठेकेदारच वाचते?"

मग त्यांनी मला त्यांच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. गावशिवारातल्या नावांचं एक पुस्तक त्यांनी तेव्हा टेबलावर बसूनच तपासून छापलं होतं. त्यात एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, शेजारच्या गावाच्या नावावर गेली. त्या गावानं पुस्तक नाचवत बोडीवर हक्क सांगितला. डोकी फुटली. "ज्याच्या डोक्याले टाके पडले, तो माझ्याच मामाच्या गावचा. मले म्हणे, पुंडलिक, तुमी शिकले अन् आमची बोडी गेली." चहाचा कप ठेवून ते म्हणाले, "मॅडम, आमच्या लोकायबद्दल लय जनायनं लिहिलं, पोथ्याच्या पोथ्या. एकानं तरी येऊन आमाले वाचून दाखवलं का? दाखवलं असतं तं आमी सांगतलं नसतं, का हे खोटं हाये म्हून?"

त्या क्षणी मला त्यांचं पटलं होतं. पण पटणं टिकायला मुलाखतीची तारीख लांब लागते.

सरांनी तोडगा काढला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच. चौथं प्रकरण ठेवायचं, पण नकाशे आणि आकृती काढायची आणि अकरा कोरी पानं सोडायची. प्रत्येक पानाखाली तीच ओळ : गावाच्या सांगण्यावरून दिलेले नाही. प्रकाशन समितीपुढे हा प्रस्ताव गेला. एक सदस्य म्हणाले, "कोऱ्या पानाला संशोधन कसं म्हणायचं?" दुसरे म्हणाले, "प्रबंध मान्य झालाय, पदवी दिलीय, आता त्यातली माहिती खोटी म्हणजे पदवीही खोटी का?" मी बैठकीच्या बाहेर बाकावर बसले होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. सर म्हणाले, "पदवीचं मी नाई म्हनत. पानाचं म्हन्तो." समितीनं प्रबंधाप्रमाणे छापा असं सांगितलं. सरांनी फाईलवर लिहिलं, 'थांबावे लागेल,' आणि फाईल आपल्या कपाटात ठेवली.

म्हणजे गाव म्हणतं छापा, समिती म्हणते छापा, लेखिका म्हणते छापा, आणि हा एकटा माणूस कपाटाची किल्ली खिशात घालून बसलेला. मी किती खेटे घातले त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी ते उठून खुर्ची द्यायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, या मे महिन्यात चालता का माझ्यासंगं? अकराही तलाव पाहू. मंग तुमीच सांगा, काय लिहायचं ते." मे महिन्यात! मुलाखत एप्रिलमध्ये होती. ती माझ्या हातातली गेली. माझ्यानंतर लागलेली एक बाई, सासरी बसून दोन निबंध लिहिलेली, ती झाली सहयोगी प्राध्यापक आणि मी राहिले तिथेच. त्या संध्याकाळी घरी येऊन मी कुलसचिवांच्या नावे तक्रार लिहिली. 'सदर अधिकारी जाणीवपूर्वक विलंब करीत असून समितीचे आदेश पाळत नाहीत.' यातला एकही शब्द खोटा नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले.

सरांची बदली झाली. निवृत्तीला सात-आठ महिने उरलेले, त्यांना परीक्षा विभागात जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामावर बसवलं. प्रकाशन विभागाला नवे संचालक आले. तरतरीत, बोलके, माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यांनी मला मोबाईलवर तीन रंगांत दाखवलं. तीन आठवड्यांत पुस्तक तयार. आतलं पान त्यांनी जुन्या फाईलवरून जसंच्या तसं उचललं होतं, त्यामुळे माझ्या नावाखाली 'संपादक : पुंडलिक रामटेके' असं छापून आलं. मी ते पाहिलं होतं. सांगायचं राहून गेलं म्हणू का? नाही. सांगितलं नाही. प्रकाशन समारंभात नव्या संचालकांनी डाव्या काठाच्या निष्कर्षाचा दोनदा उल्लेख केला आणि टाळ्या पडल्या. पुढच्या मुलाखतीत मला बढती मिळाली.

पुस्तक चांगलं पोहोचलं. तालुक्याच्या वाचनालयांत गेलं, कचेऱ्यांत गेलं. आणि पुढच्या मार्चमध्ये डोमाजी कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. उन्हात चालत आले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"बाई, मशीन आली गावात. तुमच्या पुस्तकात पाहून खोदून राह्यले. माशायसाठी खड्डा खोल करून देतो म्हन्ते, डाव्या काठाले. आमी नाई म्हनलं तं पुस्तक दाखवते. तुमी चालून सांगा न त्यायले, खोटं हाये म्हून."

कुठल्याशा योजनेतून अकराही तलावांतली 'उन्हाळी आश्रयस्थानं' खोल करायचं ठरलं होतं. चांगल्या हेतूनंच. मी त्या कचेरीत फोन केला. तिथला साहेब अदबीनं बोलला : "मॅडम, तुमच्याच नकाशावर मंजुरी घेतलीय. काही चूक असेल तर लेखी द्या, आम्ही काम थांबवतो." लेखी. मी म्हटलं, बघते. डोमाजींना म्हटलं, फोन केलाय. ते "बरं बाई" म्हणून आल्या पावली परत गेले.

तीन तलाव खोदले त्या उन्हाळ्यात. डाव्या काठाला मुरूम होता. खोल गेल्यावर उतारानं जुन्या जागेतलं पाणी नव्या खड्ड्यात आलं आणि मुरमातून झिरपून गेलं. डोमाजींच्या तलावात मे संपायच्या आत दोन्हीकडे चिखल होता. मोठ्या मरळी पाठ उघडी पडून मेल्या. त्या घरी न्यायला कुणी तयार होईना म्हणे, इतकी वर्षं ज्यांना हात लावला नाही त्या. हेही मी पाहिलं नाही, ऐकलं. मे महिन्यात मी अमरावतीला होते.

उरलेले आठ तलाव पावसामुळे राहिले. ते काम पुढच्या उन्हाळ्यात घेणार आहेत.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते या हिवाळ्यात, पोंभुर्ण्याला. तिथल्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. काम लवकर संपलं, बसला वेळ होता, म्हणून वाचनालयात शिरले आणि सवयीनं आपलं पुस्तक कुठे आहे ते शोधलं. लेखकाला ही खोड असतेच. उघडलं तर चौथ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली. अजून दमट होती.

'शुद्धिपत्र. या प्रकरणातील अकराही जागा चुकीच्या आहेत. त्यावरून कोणतेही काम करू नये. गावाला विचारावे. — पुंडलिक रामटेके, संपादक.'

ग्रंथपाल म्हणाला, "आत्ताच गेले ते भाऊ. स्टँडवर असतील." मी जवळजवळ धावतच गेले. सर बाकावर बसले होते. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. वाळले होते, पण शर्टाच्या बाह्या तशाच मनगटापर्यंत. मांडीवर पिशवी, तिच्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि कणकेच्या खळीची स्टीलची डबी. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"या न मॅडम, बसा."

मी बसले नाही. माझा आवाज चढला होता. "सर, ही चूक तुमची आहे का? तुम्ही एकटेच तर अडवत होतात!"

"संपादक म्हून माझं नाव हाये न त्यावर."

"ते चुकून आलंय."

"कसंबी येवो, आलं तं आलं. जेवढ्या वाचनालयायत गेलं, तिथी जाऊन राह्यलो. ऑफिसातबी गेलो होतो. पन ते म्हन्ते, संपादकाचं चालत नाई. लेखकाचं लेखी पायजे, मंग त्या आठ तलावायचं काम थांबवतो."

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

त्यांनी खळीच्या डबीचं झाकण घट्ट केलं. "तुमी तक्रार केली होती न जी माझी. मंग तुमच्या दारी कसा येऊ? तुमाले वाटलं असतं, उट्टं काढाले आला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "माझं नाव घाला त्या चिठ्ठीवर." त्यांचा चेहरा एकदम उजळला. गठ्ठ्यातली एक चिठ्ठी काढून त्यांनी पिशवीवर सपाट केली, खिशातला पेन उघडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "लिहा मंग, नावाखाली नाव. एवढी एक ऑफिसात देतो, आजच."

पेन मी हातात घेतला. आणि मग मला एकेक दिसायला लागलं. ही चिठ्ठी कचेरीतून विद्यापीठात जाणार. विद्यापीठ विचारणार, कधीपासून माहीत होतं? प्रबंध, पदवी, बढती, सगळं उकरून निघणार. फेब्रुवारीतल्या त्या ओट्यावर पंचवीस-तीस साक्षीदार. माझा हात चिठ्ठीपर्यंत गेला नाही. तेवढ्यात मूल गावाला जाणारी बस आली, लोक दाराकडे धावले.

"सर," मी म्हटलं, "मी जरा विचार करून कळवते."

आमच्या विद्यापीठात हे वाक्य त्यांनी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! त्यांनी मान हलवली, पेन माझ्या हातातून घेऊन खिशाला लावला, चिठ्ठी गठ्ठ्यात परत ठेवली. "मार्चच्या आधी कळवा जी," म्हणाले आणि गर्दीच्या मागून, पिशवी पोटाशी धरून, सगळ्यांत शेवटी चढले. बसायला जागा मिळाली नाही त्यांना. मागच्या काचेतून त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता, दांडीला धरून उभा.

आज फेब्रुवारीची वीस तारीख. मी अजून कळवलेलं नाही.